बाणांची ओळ

पहूर, ता. जामनेर
१२ जुलै २०२४

प्रिय पुनम,

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस. टपाल खात्यात अजून तशी सोय नाही, म्हणून हे आंतरदेशीय. तुमच्या पिंपळनेरात पोस्टमन पत्र घरी देतो की किराणा दुकानात ठेवून जातो, मला माहीत नाही. पाठवणाऱ्याने पोचण्याची काळजी करू नये, असं माझं या वर्षीपासूनचं धोरण आहे. उत्तराची अपेक्षा नाही. सात वर्षं नाही आलं ते आठव्या वर्षी येईल, असं सांगायला मी ज्योतिषी नाही, बालवर्गाची बाई आहे.

हो, अजून बालवर्गच. हायस्कुलात संस्कृत घेणारी मुलं संपली, मी 'अतिरिक्त' ठरले आणि संस्थेने मला चार-पाच वर्षांच्या पोरांत नेऊन बसवलं, ती गंमत तुला ठाऊकच आहे. तेव्हा तू विचारलं होतंस, "अक्का, आता रूपं घोकून घेशील की नाकं पुसशील?" दोन्ही करते. नाकं आधी.

नवी बातमी अशी की आमच्या मुलांना यंदा कोडिंग शिकवायचं आहे. दचकू नकोस. संगणक नाही, वीजही लागत नाही. जामनेरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात एवढंच कळलं की जमिनीवर खडूने चौकटी आखायच्या आणि पुठ्ठ्याचे बाण कापायचे. एक मूल यंत्र होतं, बाकीची त्याला ओरडून आज्ञा देतात: पुढे, डावीकडे, उजवीकडे, थांब. शेवटच्या चौकटीत केळं ठेवलेलं असतं, तिथं यंत्र पोचलं की कार्यक्रम यशस्वी. म्हणजे आपल्या नानांचा लोट् लकार! गच्छ, तिष्ठ. तीस वर्षं त्यांनी धुळ्याच्या पोरांकडून आज्ञार्थ पाठ करून घेतला, पण त्याला भविष्यातलं कौशल्य म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

उपक्रम सर्वसमावेशक असला पाहिजे, असंही सांगितलं. कसा, ते विचारलं, तोवर जेवणाची सुट्टी झाली.

तुझा स्वप्नील आता अकरा वर्षांचा असेल. मामेबहीण लताबाई एका लग्नात भेटली होती. तिने सांगितलं की तो धुळ्याच्या खास शाळेत आहे आणि रमला आहे. ऐकून बरं वाटलं. त्या दिवशी शाळेत आलेल्या पाहुण्यांच्या फोटोपुरतं मी त्याला आतल्या खोलीत बसवलं, याचा तू एवढा... असो. पहिल्याच पत्रात तो विषय नको.

प्रेमराजरावांना नमस्कार सांग. ते तरी घेतील.

तुझी अक्का,
सुलक्षणा


पहूर
९ ऑगस्ट २०२४

प्रिय पुनम,

कोडिंगने आमच्या वर्गाची शिस्त पार धुऊन काढली. अठ्ठावीस मुलं एकदम "पुढे" म्हणून किंचाळतात. मदतनीस भिकुबाई कानात पदराचं टोक घालून भाजी निवडते. ती आपल्या धुळ्याकडची, तिला सहन करायची सवय आहे.

हितेंद्र नावाचा एक आहे. आज्ञा देण्यात पटाईत. मोठेपणी संस्थाचालक होईल. आणि एक जीनत आहे, अमीनभाई गादीवाल्याची. ते बाजारपेठेत कापूस पिंजून गाद्या भरतात. पोर पाच वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, गप्प. मागच्या वर्षीच्या बाईंनी तिच्या नावापुढे 'लक्ष देत नाही' असं लिहून ठेवलंय. मीही ते वाचून विश्वास ठेवला, लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवायची आपल्या घराण्याची खोडच आहे.

सोमवारी जीनत यंत्र झाली. सगळे ओरडले, "थांब!" ती चालत राहिली. केळं ओलांडलं, चौकटी ओलांडल्या, सरळ भिंतीपर्यंत गेली आणि तिथं वळून आमच्याकडे पाहत उभी राहिली. मुलं हसली. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर.

त्या 'नंतर'ने मला धक्का बसला. मी तिच्या पाठीमागे जाऊन स्टीलच्या ताटावर डाव आपटला. भिकुबाई दचकली, हितेंद्र दचकला, बाहेरचं कुत्रं उठून गेलं. जीनत केळ्याकडे बघत होती.

संध्याकाळी तिच्या आईला, सिताराला, थांबवून घेतलं. तिला माहीत होतं. "उशिरा बोलेल, असं सगळे म्हणतात मॅडम," एवढंच म्हणाली. जळगावला तपासणीची तारीख मिळाली आहे, ती दिवाळीनंतरची. मोहल्ल्यात कुणाला सांगू नका, असं तिने दोनदा सांगितलं. मी दोनदा हो म्हटलं.

मग मी खेळ बदलला. ओरडणं बंद. आता बाणांचे पत्ते जमिनीवर ओळीने मांडायचे. यंत्र झालेल्या मुलाने ती ओळ डोळ्यांनी वाचायची आणि चालायचं. सुरुवात करायची तर खांद्यावर टिचकी. थांबवायचं तर समोर येऊन पंजा दाखवायचा. एकट्या जीनतसाठी नाही, सगळ्यांसाठीच. तिच्यासाठी वेगळा नियम केला असता तर खेळ तिचा झाला असता आणि बाकीच्यांनी तो नुसता पाहिला असता. एवढं मला कसं सुचलं, याचं मलाच आश्चर्य वाटतं. प्रशिक्षणात नव्हतं.

तुझी अक्का


पहूर
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय पुनम,

माझ्या वर्गात शांतता आहे. भिकुबाईने पहिल्या दिवशी दारातून डोकावून विचारलं, "हाई शाळा शे का मुक्यास्ना बजार?" आता तीही खिचडी झाली की हाक मारत नाही, पंजा दाखवते.

या खेळात चूक झाली की पाहण्यासारखं असतं. आधी यंत्र भलतीकडे गेलं की पोरं यंत्राला धपाटे घालायची. मी एक नियम घातला: यंत्राला बोल लावायचा नाही, ओळ तपासायची. यंत्र मांडलं तसंच चालतं. चुकलं असेल तर मांडणाऱ्याचं चुकलं. हितेंद्रला हे पचायला आठवडा लागला. माझ्या ओळखीत पचायला जन्म लागलेले लोक आहेत.

आणि जीनत! ओळ मांडायला तिच्यासारखं कुणी नाही. चालण्याआधीच तिला दिसतं की तिसरा बाण उलटा आहे. हितेंद्र अडला की आता आपणहून तिला ओढून आणतो. अमीनभाई परवा शाळेची बसायची गादी भरून द्यायला आले, तेव्हा खेळ चालू होता. पाच मिनिटांसाठी आले आणि अर्धा तास उभे राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "मॅडम, यातली माझी कोणती, ते ओळखू येत नाही." असं प्रमाणपत्र मला विद्यापीठानेही दिलं नव्हतं.

एक लिहायचं राहतंय. वर्ग गप्प झाला तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं की तो एरवी किती मोठ्याने बोलतो. स्वप्नील माझ्या वर्गात कानांवर हात ठेवून किंचाळायचा. तू म्हणायचीस, "अक्का, त्याला गोंगाट टोचतो." मी म्हणायची, त्याला शिस्त टोचते. त्या वर्षी तू माहेरी येतात तशी माझ्याकडे येऊन राहिलीस, मुलगा मावशीच्या हाताखाली सुधारेल म्हणून. त्याच्यासाठी मी काही बदललं नाही. बदलता येतं, हेच ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होते. पण तू रोज सांगत होतीस, म्हणजे ठाऊक होतं.

तुझी अक्का


पहूर
१ डिसेंबर २०२४

प्रिय पुनम,

बहिणीचं अभिनंदन कर, मनातल्या मनात का होईना. तालुक्याच्या नवोपक्रम स्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला. शीर्षक ऐक: 'श्रवणदोषयुक्त बालिकेसह दृश्यसंकेताधारित आज्ञावली-अध्ययन'. परीक्षकांना ते कळलं नसावं, म्हणूनच दुसरा तरी मिळाला. नाना असते तर समास सोडवून दाखव म्हणाले असते.

अहवालात 'समावेशनाचा पुरावा' असा एक रकाना होता, त्यात छायाचित्र मागितलं होतं. जीनत बाण मांडते आहे आणि सगळी मुलं वाकून बघताहेत, असा एक सुंदर फोटो भिकुबाईच्या मुलाने काढला होता, तो लावला. खाली नाव. संमती आहे, यंदाच्या प्रवेशअर्जावर मीच घेतलेली.

आमच्या संस्थेचे चिटणीस मोतीलालभाऊ फार खूश आहेत. बसस्टँडवर फ्लेक्स लावणार म्हणताहेत. मी नको-नको म्हटलं, पण तू ओळखतेस मला. माझं नको-नको दारापर्यंतच सोडायला येतं.

जीनतची जळगावची तपासणी झाली. यंत्र लावलं तर थोडं ऐकू येईल म्हणाले. सितारा रडली आणि मग पेढे घेऊन आली. सगळं चांगलं चाललं आहे. कदाचित म्हणूनच तुला लिहिते आहे. चांगलं चाललेलं सांगायला मला दुसरं माणूस नाही.

तुझी अक्का


पहूर
५ जानेवारी २०२५

पुनम,

फ्लेक्स लागला. दहा बाय आठ. वर संस्थेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे गोल फोटो, मोतीलालभाऊंचा त्यातल्या त्यात मोठा. खाली हात जोडलेली मी. मधोमध जीनत, आणि तिच्या हनुवटीखाली ठळक अक्षरांत: 'कर्णबधिर कु. जीनत अमीन हिला शिकवण्याच्या अभिनव प्रयोगाबद्दल हार्दिक अभिनंदन!'

छापण्याआधी मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. मी तपासला. 'समावेषण' छापलं होतं, ते मी 'समावेशन' केलं. 'हार्दीक'ची वेलांटी दुरुस्त केली. मधली ओळ वाचली, शुद्ध होती, पुढे गेले.

दुसऱ्या दिवसापासून अमीनभाईंच्या दुकानात लोक गादी न घेता यायला लागले. कुणी लसणाचं तेल सांगितलं, कुणी दर्गा सांगितला, कुणी नाशिकचा डॉक्टर सांगितला. सगळे भल्या मनानेच. एकाने विचारलं, थोरल्या पोरीचे कान ठीक आहेत ना?

आणि माझ्या वर्गात, जिथं पाच महिने कुणाला काही कळलं नव्हतं, तिथं सोमवारी एक शब्द आला. हितेंद्रच्या मोठ्या भावाने त्याला स्टँडवर तो वाचून दाखवला होता. हितेंद्र वाईट नाही. त्याला नवा शब्द मिळाला आणि पाच वर्षांच्या मुलाला नवा शब्द मिळाला की तो वापरतो. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले, तोंड उघडझाप केलं आणि जीनतकडे बोट दाखवलं. मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला ते येत होतं. मी ओरडले, पुनम. पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी ऐकलं आणि गप्प झाले. जीनतने काही ऐकलं नाही, पण तोपर्यंत तिने सगळं पाहिलं होतं. तिचं पाहणं मीच तर पक्कं करून घेतलं होतं.

मंगळवारी ती फाटकापाशी आली आणि मातीत बसली. आत यायला तयार नाही. सितारा ओढते आहे आणि ती गज धरून बसली आहे. शेवटी अमीनभाई आले आणि तिला खांद्यावर टाकून घेऊन गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

मोतीलालभाऊंकडे गेले, फ्लेक्स उतरवा म्हटलं. ते म्हणाले, "बाई, सव्वीस जानेवारीपर्यंत राहू द्या, पैसे भरलेत." मी आवाज चढवला, तेव्हा परवा उतरवला. फ्लेक्स फुकट घालवायची आपल्याकडे पद्धत नाही. स्टँडवरच्या चहावाल्या सुपडूने तो मागून नेला आणि आपल्या टपरीवर ताडपत्री म्हणून घातला. छापलेली बाजू आत आहे. बाकावर बसून मान वर केली की जीनत दिसते.

सुलक्षणा


पहूर
९ फेब्रुवारी २०२५

पुनम,

अमीनभाईंच्या घरी गेले होते. दोनदा दारातून परत आले होते, तिसऱ्यांदा आत गेले. त्यांनी मला नव्या गादीवर बसवलं, पाणी दिलं. मी काय केलं असेल, सांग. पिशवीतून प्रवेशअर्ज काढला आणि त्यावरची त्यांची सही दाखवली. छायाचित्रांना संमती, रकाना अकरा.

त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, "ही सही मी न वाचता केली. तुमच्यासमोर केली, म्हणून वाचलं नाही." मग कागद घडी घालून परत दिला. "मॅडम, मी तुमच्या हातात पोर दिली होती. तुम्ही तिचं पोस्टर केलं. मला आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच नाही विचारलं ना?"

मी कागद परत पिशवीत ठेवला.

पण ते मोठ्या मनाचे निघाले. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला: पोरीला पाठवतो, तिचं नुकसान नको. तेव्हापासून सितारा रोज तिला घेऊन येते. जीनत रोज फाटकापर्यंत येते आणि बसते. मी बाण घेऊन बाहेर गेले. तिच्यासमोर मातीत ओळ मांडली, फाटकापासून वर्गापर्यंत, अगदी बरोबर. तिने ती पाहिली. मग एकेक पत्ता उचलला, सगळे उलटे फिरवले, फाटकाबाहेर तोंड करून, आणि त्या ओळीवरून घरी चालत गेली.

हितेंद्रला मी पाठवून पाहिलं. त्याला पाहताच तिने डोळे मिटले. डोळे मिटले की तिच्याशी बोलायला जगात काही उरत नाही. हितेंद्र रडत आत आला. मला विचारलं, "बाई, मी काय केलं?" मी त्याचं नाक पुसलं. ओळ त्याने मांडली नव्हती.

आता तुझ्याशी. पहिल्या पत्रात मी लिहिलं की स्वप्नीलला आतल्या खोलीत 'बसवलं'. ती खिचडीची खोली होती आणि मी बाहेरून कडी लावली होती. भिकुबाई त्याच्याजवळ होती असं मी तेव्हा तुला म्हटलं. ती नव्हती, ती पाहुण्यांना चहा देत होती. चाळीस मिनिटं. तू ठरल्या वेळेआधी आलीस म्हणून चाळीस, नाहीतर अजून झाली असती. तू कडी काढलीस तेव्हा तो किंचाळत नव्हता, गप्प होता. मला त्याचं बरं वाटलं होतं. बघ, मुलगा शांत बसला, असंही मी तुला म्हणाले होते. संध्याकाळच्या गाडीने तू गेलीस.

माफी मागत नाही. ती मागायची तर सात वर्षांपूर्वी, आणि तेव्हा मी नुसतं 'एवढं काय झालं' म्हटलं.

मला एक विचारायचं आहे, दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. माझ्या शाळेनंतर तू त्याला दुसऱ्या शाळेच्या दारातून आत कसं नेलंस? पहिल्या दिवशी काय केलंस, कुणी हात धरला, किती दिवस लागले? सिताराला सांगायचं आहे. मी तिला सांगितलंय की माझ्या बहिणीच्या मुलाचंही असंच झालं होतं आणि तो आता रमला आहे, तिला विचारते. ती रोज विचारते, तुमच्या बहिणीचं काही आलं का. माझ्यासाठी लिहू नकोस. तिच्यासाठी लिही, दोन ओळी पुरतील.

सुलक्षणा


पहूर
३ मार्च २०२५

पुनम,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर नानांनी वळवलं तसंच आहे अजून, 'ल'ची गाठ वरच बांधतेस. दोन ओळी मागितल्या होत्या, दोन शब्द आले.

'नेलं नाही.'

मी कार्ड उलटून पाहिलं. मागे फक्त माझा पत्ता होता.

लताबाई खोटं बोलली नव्हती. 'धुळ्याच्या शाळेत घालणार होते म्हणे,' एवढंच ती म्हणाली होती. पुढचं, घातला आणि रमला, ते मी मंडपातून घरी येईपर्यंत तयार केलं. पहूरला उतरेपर्यंत माझी खात्री झाली होती. सात वर्षं तो घरातच आहे का? बाहेर निघतो का? उंच झालाय का? विचारत नाही. विचारायचा हक्क होता, तेव्हा कडी लावली.

सिताराला काय सांगायचं, यावर मी रात्रभर नाही, फार तर तासभर विचार केला. खरं सांगावं, असं ठरलं. सकाळी ती शाळा भरायच्या आधी आली. एकटीच. जीनत आता फाटकापर्यंतही येत नाही, घरून निघतानाच गादीखाली शिरते. सिताराच्या हातात तिचा डबा होता, सवयीने भरलेला. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या बहिणीचं काही आलं?"

तुझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं.

मी म्हटलं, "अजून नाही आलं. पिंपळनेरचं टपाल उशिरा येतं."

ती म्हणाली, "काही हरकत नाही. उद्या विचारते."

सुलक्षणा